प्रिंटर एक, नावं तीन

"दादा, आधी इकडे या. पाचशेचा स्टॅम्प गेला."

फोन कॅनडा कॉर्नरजवळच्या एका सीएच्या ऑफिसातून होता. तारीख वीस, म्हणजे जीएसटीच्या ३-बी रिटर्नचा शेवटचा दिवस. भागीदारी करार छापायचा म्हणून ताईंनी स्टॅम्पपेपर प्रिंटरच्या पुढच्या फळीवर ठेवला आणि प्रिंट द्यायला त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या. तेवढ्यात आतल्या खोलीत आर्टिकलशिप करणाऱ्या मुलाने कुठल्याशा पार्टीचा खरेदीचा गोषवारा छापायला सोडला. प्रिंटरने हाताशी होता तो कागद उचलला. मी पोचलो तेव्हा मुद्रांकाच्या खाली सुबक अक्षरांत सतरा ओळींचा गोषवारा होता आणि केबिनमधून सरांचा आवाज येत होता. पूर्वी शंभराच्या स्टॅम्पवर भागणारी बरीच कामं ऑक्टोबर २०२४ पासून पाचशेवर गेली आहेत, त्यामुळे आवाज जरा जास्तच होता. त्यातून मुद्रांक छापणारा कारखाना आपल्याच नाशिकरोडला, आणि तो असा फुकट घालवायचा मान आपल्या ऑफिसला!

ताई मुलाकडे बघत होत्या, मुलगा प्रिंटरकडे. खरं तर दोघांचंही काही चुकलं नव्हतं. "कागद कुठून घ्यायचा?" या प्रश्नाचं उत्तर त्या ऑफिसात कुणी प्रिंटरला दिलंच नव्हतं. सेटिंगमध्ये होतं 'ऑटोमॅटिक', आणि बऱ्याच लेसर प्रिंटरांत ऑटोमॅटिकचा अर्थ असा की पुढच्या फळीवर कागद असेल तर आधी तो, नसेल तर खालच्या ट्रेमधला.

मी अशा पंचवीसेक लहान ऑफिसांचे कम्प्युटर सांभाळतो. प्रिंटरची तक्रार म्हणून जे फोन येतात, त्यांतल्या फार थोड्या वेळा यंत्र बिघडलेलं असतं. बाकी वेळा घोळ होतो तो यंत्रापर्यंत निरोप पोचवणाऱ्या साखळीत. ती साखळी एकदा कळली की निम्मे फोन करायची गरज उरत नाही. माझं नुकसान आहे, पण सांगतो.

पहिली गोष्ट पटायला थोडी जड जाते. कम्प्युटरच्या यादीत जो 'प्रिंटर' दिसतो, तो टेबलावरचं यंत्र नव्हे. ते नुसतं एक नाव आहे. त्या नावाला चार गोष्टी बांधलेल्या असतात: निरोप कोणत्या भाषेत करायचा, कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, कोणत्या नियमांनी छापायचा आणि कोणत्या रांगेत उभा करायचा. घरात एकाच माणसाला कुणी बाळ्या म्हणतं, कुणी भाऊसाहेब, आणि ज्या नावाने हाक मारावी तसा तो वागतो. तसं एका यंत्राला हवी तितकी नावं देता येतात आणि प्रत्येक नावाची वागणूक वेगळी ठेवता येते. हे ज्या ऑफिसला समजलं तिथे स्टॅम्प वाया जात नाहीत.

आता निरोप जातो कसा ते बघू. वर्डमध्ये तुम्ही कंट्रोल आणि पी दाबता. वर्डला तुमच्या प्रिंटरची भाषा येत नाही. ती येते ड्रायव्हरला. ड्रायव्हर हा दुभाषा. काही यंत्रांना पीसीएल समजते, काहींना पोस्टस्क्रिप्ट. दोन्ही भाषा १९८४ च्या सुमारास आल्या आणि अजून चालू आहेत. स्वस्तातल्या बऱ्याच लेसर प्रिंटरांना यांतलं काहीच येत नाही. त्यांच्यासाठी कम्प्युटरच पानाचं ठिपक्याठिपक्यांचं चित्र तयार करून पाठवतो. म्हणून तर शेजारच्या टेबलावरचा ड्रायव्हर 'कंपनी तीच आहे ना' म्हणून टाकला की पानापानावर चिनी वाटावीत अशी चिन्हं येतात. भाषा चुकलेली असते.

भाषांतर झालेला निरोप लगेच प्रिंटरकडे जात नाही. तो आधी स्पूलरकडे जातो. सरकारी ऑफिसात गेला असाल तर बारनिशी ठाऊक असेल. आलेला कागद आधी तिथे जमा होतो, नोंद होते, मग योग्य टेबलाकडे जातो. स्पूलर म्हणजे प्रिंटची बारनिशी. वर्ड आपला निरोप तिथे टाकून मोकळा होतो, म्हणून साठ पानं छापत असतानाही तुम्हाला पुढचं टाइप करता येतं. विंडोजमध्ये हे निरोप सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरात, सिस्टीम-३२ च्या आत 'स्पूल' आणि त्याच्या आत 'प्रिंटर्स' नावाच्या फोल्डरात खरोखरच्या फाइली म्हणून पडून असतात.

हे माहीत असलं की एक नेहमीचा त्रास सुटतो. रांगेत एक काम अडकतं, आपण 'कॅन्सल' म्हणतो, समोर 'डिलीटिंग' असं लिहून येतं आणि ते तसंच तासभर राहतं. मागची सगळी कामं तुंबतात. मग कुणीतरी प्रिंटर बंद-चालू करतं. उपयोग शून्य, कारण अडकलेला निरोप प्रिंटरात नाहीच, तो बारनिशीत आहे. सर्व्हिसेसच्या यादीत जाऊन 'प्रिंट स्पूलर' थांबवायचा, त्या फोल्डरातल्या फाइली काढून टाकायच्या, स्पूलर पुन्हा चालू करायचा. फोल्डर स्वतः उडवू नका, फक्त आतल्या फाइली. आणि रांगेतली इतरांची कामंही यात जातात, तेव्हा आधी सगळ्यांना ओरडून सांगा.

बारनिशीतून निरोप निघतो तो पत्त्यावर. याला पोर्ट म्हणतात. प्रिंटर वायरने कम्प्युटरला जोडलेला असेल तर पत्ता यूएसबीचा. वायर काढून दुसऱ्या भोकात घातली की कधीकधी विंडोजला तो नवाच प्रिंटर वाटतो आणि यादीत 'कॉपी १' असं शेपूट लागलेलं दुसरं नाव उगवतं. जुन्या नावावर दिलेले प्रिंट मग जुन्या भोकापाशी वाट बघत बसतात. प्रिंटर नेटवर्कवर असेल तर पत्ता आयपी क्रमांकाचा. इथे आपल्याकडचा खास किस्सा असा की वीज जाते, येते, राउटर पुन्हा उठतो आणि प्रिंटरला नवाच क्रमांक वाटून मोकळा होतो. कम्प्युटर मात्र जुन्याच क्रमांकावर हाका मारत असतो. यंत्र चालू, हिरवा दिवा चालू, आणि स्क्रीनवर 'ऑफलाइन'. उपाय एकच: राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी एक क्रमांक कायमचा राखून ठेवायचा. दहा मिनिटांचं काम आहे, पण नेट जोडायला येणारी मुलं ते करून जात नाहीत. क्रमांक बरोबर असूनही ऑफलाइन दिसत असेल, तर पोर्टच्या सेटिंगमध्ये 'एसएनएमपी स्टेटस' नावाची खूण असते, ती काढून बघा. कम्प्युटर त्या मार्गाने प्रिंटरची खुशाली विचारतो, आणि उत्तर आलं नाही की प्रिंटर बंद आहे असं धरून चालतो.

इथवरचा मार्ग सरळ आहे. खरा गुंता आहे नियमांचा, म्हणजे कोणता कागद, कोणता ट्रे, एकाच बाजूला की दोन्ही, रंगीत की काळं. कारण हे नियम एका जागी राहत नाहीत. लोक तक्रार करतात की "मी सेटिंग बदललं तरी परत तसंच होतं". बदलेल कसं, तुम्ही बदललंत एका जागी आणि हुकूम चालतो दुसऱ्याच जागेचा.

सगळ्यात खाली आहेत 'प्रिंटिंग डिफॉल्ट्स'. प्रिंटर प्रॉपर्टीजमध्ये, अ‍ॅडव्हान्स्ड या पानावर हे बटण असतं. त्या कम्प्युटरवर जो कुणी लॉगिन करेल त्याला सुरुवातीला हे नियम मिळतात. त्याच्यावर 'प्रिंटिंग प्रेफरन्सेस', म्हणजे फक्त तुमच्या लॉगिनपुरते. दोन्ही खिडक्या दिसायला जुळ्या, म्हणून गफलत होते. त्यावर फाइलचे स्वतःचे हट्ट. वर्डच्या पेज सेटअपमध्ये 'पेपर' नावाचं पान आहे, तिथे पहिलं पान कोणत्या ट्रेमधून आणि बाकीची कोणत्या ट्रेमधून हे फाइलीतच साठवता येतं. लेटरहेड छापणाऱ्यांसाठी ही सोय सोन्यासारखी: वरच्या ट्रेत लेटरहेड, खाली कोरे कागद, दर वेळी उठायला नको. पण तीच फाइल तुम्ही दुसऱ्या ऑफिसला पाठवलीत की तिथला प्रिंटर पहिल्या पानाला अडून बसतो आणि त्यांना कारण कळत नाही. आणि सगळ्यांच्या वर, प्रिंट देताना त्या क्षणी जे निवडाल ते. ते बहुतेक वेळा तेवढ्यापुरतंच टिकतं. म्हणजे निरोपाच्या जितकं जवळ, तितका हुकूम वरचा. कायमचा बदल हवा असेल तर खाली जायचं, एकदाच हवा असेल तर वर.

एक्सेलचं तर विचारू नका. तिथे प्रत्येक शीट आपापले छपाईचे नियम बाळगून असते. बारा महिन्यांच्या बारा शीट, त्यांतल्या तीन कुणाच्या तरी दुसऱ्या फाइलीतून उचलून आणलेल्या. तुम्ही 'पूर्ण वर्कबुक' छापायला सांगता, पण शीटांचे प्रिंट क्वालिटीसारखे नियम जुळत नसले की एक्सेल ते एकच काम न पाठवता त्याचे तुकडे करून पाठवतं. मग दोन्ही बाजूंनी छापायला सांगूनही मध्येच पाठकोरं पान येतं, पीडीएफ करायला गेलात तर एकाऐवजी तीन फाइलींची नावं विचारतं. इलाज: पहिल्या शीटवर असताना सगळ्या शीट एकत्र निवडायच्या आणि पेज सेटअप उघडून ओके करायचं. सगळ्या एका माळेत येतात.

लिबरऑफिस, म्हणजे वर्ड-एक्सेलचा फुकट मिळणारा पर्याय, वापरणाऱ्यांसाठी एक खूण सांगून ठेवतो. ऑप्शन्समध्ये, लोड-सेव्हच्या जनरल पानावर 'लोड प्रिंटर सेटिंग्ज विथ द डॉक्युमेंट' असं असतं. ती खूण असली की फाइल शेवटी ज्या प्रिंटरवर छापली होती तोच शोधत बसते. फाइली इकडून तिकडे फिरत असतील तर ती काढून टाका.

कागदाच्या मापाबद्दल थोडक्यात. आपला ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर. अमेरिकन लेटर २१६ बाय २७९. कुठून तरी उतरवून घेतलेला नमुना बहुधा लेटरमध्ये असतो. प्रिंटर म्हणतो लेटर दे, ट्रेत ए-फोर, आणि तो लाल दिवा लावून मुकाट्याने उभा राहतो. वर्डच्या ऑप्शन्समध्ये ए-फोर आणि लेटरमध्ये आपोआप जुळवून घेण्याची खूण आहे, ती चालू ठेवा. लीगल मात्र ३५६ मिलिमीटर लांब, तिथे जुळवाजुळव नको. करार आक्रसून छापला तर स्टॅम्पवर विचित्र दिसतो.

डॉट मॅट्रिक्सवाल्यांना वाटेल आपल्याला विसरले. आडगाव नाक्याकडच्या ट्रान्सपोर्टवाल्यांकडे तो करकर आवाज अजून ऐकू येतो, आणि का येऊ नये? कार्बन घातलेल्या तीन प्रती एका दमात काढायच्या तर सुईचा मार हवा, लेसरच्या पावडरीचं ते काम नाही. त्यांची नेहमीची तक्रार म्हणजे पहिलं बिल बरोबर येतं, दुसरं वर सरकतं, तिसरं आणखी वर. भोकांच्या पट्टीचा कागद बारा इंची आणि ड्रायव्हरमध्ये माप अकरा इंची असलं की दर बिलामागे एक इंचाची तूट पडणारच. यादीत दहा बाय बाराचं माप नसतं, ते तयार करावं लागतं. 'प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज' नावाची खिडकी उघडा, नवा फॉर्म बनवा, नाव द्या, रुंदी दहा, उंची बारा. मग तो प्रेफरन्सेसमध्ये निवडा. टॅलीत छापताना 'नीट मोड', 'डॉट मॅट्रिक्स फॉरमॅट' आणि 'क्विक ड्राफ्ट' असे पर्याय दिसतात. नीट मोड पानाचं चित्र बनवून पाठवतो, म्हणून देखणा पण सावकाश. बाकीचे दोन नुसता मजकूर पाठवतात आणि प्रिंटर आपल्या पोटातल्या अक्षरांनी तो छापतो. म्हणून वेग येतो. पण प्रिंटरच्या पोटात देवनागरी नसते. गाडीमालकाचं नाव मराठीत टाकलं असेल तर त्याची वाट लागते. मराठी हवी तर नीट मोड, घाई असेल तर इंग्रजी.

मराठीचा विषय निघालाच आहे तर, पीडीएफ स्क्रीनवर ठीक दिसते आणि कागदावर जोडाक्षरं फुटतात, याचंही मूळ तेच. ड्रायव्हर अक्षरांचे आकार पाठवताना गडबड करतो. अ‍ॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत 'अ‍ॅडव्हान्स्ड' दाबा आणि 'प्रिंट अ‍ॅज इमेज' निवडा. पान चित्र म्हणून जातं, वेळ थोडा जास्त लागतो, पण 'क्ष'चा 'क्ष' राहतो.

आता नावांकडे परत येतो. विंडोजला एक वाईट खोड आहे. विंडोज १० पासून 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर' अशी सोय आली आणि ती आधीपासूनच चालू असते. तिचा अर्थ, शेवटी ज्या नावावर छापलं ते नाव आपोआप मुख्य. पीडीएफ बनवणं हेही यादीतल्या एका नावावर छापणंच. काल संध्याकाळी तुम्ही एक पीडीएफ बनवलीत, आज सकाळी प्रिंट दिला तर कागदाऐवजी 'सेव्ह कुठे करू?' असा प्रश्न. एका यंत्राला अनेक नावं द्यायची असतील तर ही खोड आधी मोडा. प्रिंटर्स अँड स्कॅनर्सच्या पानावर ती बंद करा, आणि रोजचं नाव स्वतः मुख्य म्हणून ठरवा.

त्या ऑफिसात मी काय केलं ते सांगतो. नवा प्रिंटर जोडायचा मार्ग घेतला, पण 'मॅन्युअल सेटिंग्ज'ने. पोर्ट विचारल्यावर नवा न बनवता आधीचाच निवडला. ड्रायव्हर विचारल्यावर बसवलेलाच ठेवला. नाव दिलं 'स्टॅम्प'. असं आणखी एकदा करून 'लेटरहेड'. मूळ नाव बदलून 'रोजचं' केलं. मग प्रत्येकाच्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये गेलो. 'रोजचं' ए-फोर, दोन्ही बाजू, आणि कागद फक्त खालच्या ट्रेमधून. ऑटोमॅटिक हा शब्द तिथून हद्दपार. 'स्टॅम्प' लीगल, एकच बाजू, कागद मॅन्युअल फीड, म्हणजे पुढच्या फळीवर हाताने ठेवलेला. जुन्या 'डिव्हाइसेस अँड प्रिंटर्स' खिडकीत हे तिन्ही एकाच चित्राखाली दडतात आणि लोकांना वाटतं नाव बनलंच नाही. राइट क्लिक केल्यावर तिन्ही दिसतात. हे प्रत्येक कम्प्युटरवर करावं लागलं, कारण तिथे सगळे थेट नेटवर्कवरून छापतात. एक जरी कम्प्युटर 'ऑटोमॅटिक'वर राहिला असता, तर पुढचा स्टॅम्प त्याने खाल्ला असता.

सरांनी विचारलं, "माझं काम सगळ्यांच्या आधी निघेल असं नाही करता येत?" येतं, पण अट आहे. प्रिंटर प्रॉपर्टीजच्या अ‍ॅडव्हान्स्ड पानावर प्रायॉरिटी असते, १ ते ९९, मोठा आकडा आधी. त्याच पानावर कोणत्या वेळेत छापायचं हेही ठरवता येतं, म्हणजे तीनशे पानांचा ऑडिटचा गठ्ठा दुपारी देऊन संध्याकाळी सातनंतर निघेल असं करता येतं. पण हा मानपान एकाच बारनिशीत चालतो. प्रत्येक कम्प्युटरची बारनिशी वेगळी असेल तर सरांचा ९९ ताईंच्या कम्प्युटरला ठाऊकच नसतो, आणि प्रिंटर आधी पोचेल त्याचं आधी छापतो. सगळ्यांचे प्रिंट एका कम्प्युटरमार्फत न्यायचे तर तो दिवसभर चालू हवा. शिवाय २०२१ मध्ये स्पूलरमधली 'प्रिंटनाइटमेअर' नावाची भगदाडं सापडल्यापासून मायक्रोसॉफ्टने शेअरिंगचे नियम आवळले आहेत. दुसऱ्याच्या कम्प्युटरवरून ड्रायव्हर घ्यायचा तर अ‍ॅडमिनचा पासवर्ड मागतो. पाच माणसांच्या ऑफिसात एवढा खटाटोप करू नये असं माझं मत. सरांना तसं सांगितलं. त्यांना ते फारसं आवडलं नाही.

त्याच पानावर 'शेवटचं पान जमा झाल्यावर छपाई सुरू करा' आणि 'लगेच सुरू करा' असे दोन पर्याय आहेत. मी पहिला ठेवतो. मोठी एक्सेल फाइल रखडत रखडत पानं देत असली की दुसऱ्या पर्यायात प्रिंटर अर्धं काम तोंडात धरून बसतो आणि बाकीचे ताटकळतात. 'प्रिंटरकडे थेट पाठवा' असाही पर्याय असतो, तो बारनिशीलाच फाटा देतो. त्याच्या वाटेला जाऊ नका.

निघताना ताईंनी विचारलं, "पण स्टॅम्प उलटा गेला तर?" रास्त शंका. काही यंत्रांत छापायची बाजू वर ठेवायची असते, काहींत खाली, आणि पुस्तिका कधीच सापडत नाही. लीगल मापाचा एक साधा कागद घेतला, त्यावर पेन्सिलीने वरच्या कडेला बाण काढला, बाण दिसेल असा, टोक यंत्राकडे करून फळीवर ठेवला आणि 'स्टॅम्प' या नावावर एक ओळ छापली. ओळ बाणाच्या बाजूलाच आली, पण ओळ सरळ धरली की बाणाचं टोक खालच्या कडेकडे. म्हणजे मुद्रांकाचं डोकं आपल्या दिशेला ठेवायचं. तोच कागद ताईंनी चिकटपट्टीने प्रिंटरच्या अंगावर लावून टाकला.